अक्काच्या पोटाची तपासणी

या विषयावर मी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढंच.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती जन्मली तेव्हा तिच्या हृदयाचा एकच कप्पा नीट चालत होता. लहानपणी ऑपरेशनं झाली आणि ती वाचली. तेव्हापासून आमचे वडील, आबा, तिला रोज सकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेत. म्हशीची धार समोर काढून घेऊन ते फेसाळ दूध अक्का उभ्यानंच प्यायची. "ह्या दुधानंच पोरीचं काळीज घट्ट झालं," असं आबा सगळ्यांना सांगत. आजार संपला, असंच आम्ही धरून चाललो होतो. अक्का आता मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते.

यंदा तिचे पाय सुजले. हृदयाच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली.

"काळजाचं ऑपरेशन, आन् बघतोय प्वाट?" आबा बाहेर येऊन चिडले.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं. अशा ऑपरेशननंतर अशुद्ध रक्त हृदयात न जाता थेट फुफ्फुसांकडे जातं. त्याला मागून ढकलणारं काही नसतं, त्यामुळे दाब लिव्हरवर येतो. वर्षानुवर्षांनी लिव्हर कडक होतं आणि त्यात कॅन्सर होण्याची भीती असते. घरी तो शब्द माझ्या तोंडून निघेना. उपाशीपोटी जायचंय, एवढंच सांगितलं.

"काही खाल्लंय?" सोनोग्राफीच्या मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय," आबा म्हणाले. "येताना दूध तेवढं पाजलंय."

"अहो, उपाशी आणायला सांगितलं होतं ना?"

"दूध म्हंजे खाणं व्हय, म्याडम?"

अक्का खुदकन हसली. मला हसू आलं नाही. तपासणी उद्यावर गेली; अजून एक रात्र काढायची होती.

दुसऱ्या दिवशी लिव्हरमध्ये गाठ दिसली. अशा लिव्हरमध्ये साध्या गाठीही होतात, एमआरआय आणि रक्ताच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून आबा कट्ट्याकडे फिरकले नाहीत.

"मीच पाजलं की गं एवढी वर्सं," ते अक्काला म्हणाले.

"आबा, दुधानं गाठ झाली असती तर निम्मं कोल्हापूर आडवं झालं असतं की!" तिनं मशीन न थांबवता उत्तर दिलं. पण दोरा दोनदा तुटला.

एमआरआयचा रिपोर्ट यायच्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. फोन थरथरला तसा मी सरांना न विचारताच बाहेर आलो. पलीकडे आबा होते.

"कॅन्सर न्हाय म्हणत्यात," ते म्हणाले. आमच्यात तो शब्द पहिल्यांदा त्यांनीच उच्चारला. "पर दर सहा म्हैन्यानं बघायचं. जन्मभर."

"उपाशीपोटी?" मी विचारलं.

"व्हय. दूध बी न्हाय."