काळ्या अळ्यांची साक्ष

मंडईमागच्या खताच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मावशींना सगळे ‘अळीवाल्या मावशी’ म्हणत. नाव काही गोंडस नव्हतं, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. सहा वर्षांपूर्वी कुजक्या भाजीच्या ढिगात पहिल्यांदा अळ्या दिसल्या, तेव्हा त्या औषध फवारायलाच निघाल्या होत्या. मग लक्षात आलं, अळ्या असलेला ढीग भराभर खाली बसतो आणि घाणही मारत नाही. त्यांनी पंप खाली ठेवला. या अळीची माशी होते ती काळी, सडपातळ. चावत नाही की ताटावर बसत नाही. मावशींचं तिच्याशी चांगलंच जमलं.

नवरा म्हणाला, “घरात माणसं कमी पडली म्हणून आता अळ्या पाळतेस?”

“त्या निदान पुढ्यात येईल ते मुकाट्याने खातात,” मावशी म्हणाल्या.

एका सकाळी पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई बरणी घेऊन शेडमध्ये आल्या. एकटे राहणारे एक आजोबा बंद घरात मेलेले सापडले होते. देह इतका बिघडलेला, की कशाने गेले तेही कळेना. पुतण्या सांगत होता, “आठच दिवसांपूर्वी काकांशी गप्पा मारून गेलो.” त्यामुळे संशय आला वॉचमनवर. तो कामाला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. देहाजवळ सापडलेल्या, तेव्हाच काळ्या पडलेल्या अळ्या डॉक्टरीणबाईंनी आणल्या होत्या, पण माशी बाहेर आल्याशिवाय जात पक्की होईना. आणि अळ्या तर सारख्या काचेवर चढत होत्या.

मावशींनी बरणीत डोकावून कपाळाला हात लावला.

“अहो, ओल्या मांसात कशाला ठेवल्यात? काळी पडली की अळीचं खाणं संपलं. आता तिला कोरडी जागा हवी.”

त्यांनी अळ्या लाकडाच्या भुशात सोडल्या.

“काळी पडायला किती दिवस लागतात?” बाईंनी विचारलं.

मावशींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. प्रत्येक ढिगाची तारीख त्यावर होती. “या हवेत तीन आठवडे. त्याआधी माझी एकही काळी पडलेली नाही.”

बाराव्या दिवशी माश्या बाहेर आल्या. त्याच काळ्या, सडपातळ. अळी उष्णतेप्रमाणे वाढते, म्हणून बाईंनी त्या घरातल्या उष्णतेचा हिशेब मांडला, तोही तिथेच आला: देह सापडला तेव्हा आजोबांना जाऊन निदान तीन आठवडे झाले होते. म्हणजे वॉचमन कामाला लागायच्या आधीच.

पुतण्याला पुन्हा बोलावलं, तसा तो ढसाढसा रडला. “दोन महिने फिरकलोच नव्हतो हो. लोक काय म्हणतील म्हणून खोटं बोललो.” घातपाताचं काहीच निघालं नाही. म्हातारा माणूस एकटाच गेला होता, आणि कुणाला पत्ताच नव्हता.

आठवड्याने वॉचमन बायकोला घेऊन शेडमध्ये आला. “मावशी, तुमच्यामुळे सुटलो.”

“माझ्यामुळे कसला? यांना सांग की!” म्हणत मावशींनी वळवळता ट्रे त्याच्या नाकासमोर धरला. गडी दोन पावलं मागे सरला आणि लांबूनच त्याने हात जोडले. बायकोने मात्र पदर खोचला, एक अळी तळहातावर घेतली आणि विचारलं, “मावशी, आमच्या सोसायटीच्या कचऱ्यात चालतील का या?”