ओलांडून गेलो तो ढीग

विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रात नवी मुलं आली की मी त्यांना एक गोष्ट सांगत असे. एका हुशार मुलीने भाजीचा धंदा काढला आणि थोड्याच दिवसांत हातपाय गाळले. "धंद्यात अक्कल थोडी कमी असली तरी चालते, पण दम पाहिजे," हे माझं शेवटचं वाक्य. मुलं टाळ्या वाजवत. त्या मुलीचा दम मीच काढला होता, हे मी कधी सांगितलं नाही.

मी वर्ध्याच्या भाजीबाजारातला अडत्या. शेतकरी माझ्या ओट्यावर माल टाकतात, मी बोली लावून तो किरकोळ दुकानदारांना विकतो. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. म्हणून केंद्राच्या मॅडम एकदा ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काका, आमच्या मुलांनी बाजार फक्त पुस्तकात पाहिलाय, तुम्ही या शिकवायला," तेव्हा मी त्या दिवशी घरी दोनदा ते सांगितलं. गेटवरचा चौकीदार मला 'सर' म्हणायचा. केंद्र खरोखर कामाचं होतं. आजूबाजूच्या गावच्या बायका तिथे पापड-मसाल्याची पाकिटं बंद करायला शिकत. गेटबाहेर शेतकऱ्यांची दुकानं लागत. वर्ध्यात नोकरीशिवाय दुसरं काही करता येतं, हे पोरांना पहिल्यांदा तिथेच दिसलं.

ती मुलगी सिंदी रेल्वे गावाकडची. तिच्या वडिलांचा पालक आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, माझ्याच ओट्यावर यायचा. तिने वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या घराघरांत ताजी भाजी थेट पोचवायची ठरवलं. केंद्राने तिला जागा दिली, क्रेट दिले, पोस्टर छापून दिलं. एके दिवशी सगळ्यांसमोर तिने फळ्यावर तीन गोल काढले. शेत, अडत्या, घर. मग मधल्या गोलावर फुली मारली.

वर्ग हसला. ती गडबडून म्हणाली, "तुम्ही नाई हो सर, दुसरे!"

मीही हसलो. पण घरी जाईपर्यंत ती फुली डोळ्यांसमोरून हलली नाही. तिच्या घरपोच भाजीने माझं काही बिघडणार नव्हतं. तिच्या बापाचा बहुतेक माल तरीही माझ्याकडेच येणार होता. मला राग आला तो पोरं हसली याचा.

आमच्या बाजारात अडत्या ढिगापाशी उभा राहिला की त्या ढिगाची बोली सुरू होते. तो पुढे सरकला की दुकानदार त्याच्या मागे सरकतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या वडिलांचा ढीग ओलांडून पुढे गेलो. कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

"शेठ, आमचा राह्यला ना," ते मागून म्हणाले.

"येतो ना, पळून चाललो का मी?"

एक दुकानदार खिदळला, "शेठ आज मास्तर झाले, नंबरानं बोलावते पोरायले!"

मी त्यांच्याकडे परत आलो तोवर ऊन चढलं होतं, दुकानदार पांगले होते. पालक मान टाकून पडला होता. मिळेल त्या भावात त्यांनी तो दिला. पुढचे काही दिवस मी असाच ओलांडत गेलो.

मग ती केंद्रात आली. क्रेट परत केले. मॅडमनी विचारलं, काय झालं? तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "घरी जमून नाई राह्यलं."

मी म्हणालो, "होते असं. हिंमत लागते." मॅडमनी मान डोलावली. माझी गोष्ट तिथूनच तयार झाली. तिच्या वडिलांची बोली मात्र पुढच्याच दिवसापासून वेळेवर लागू लागली.

यंदा बोरगाव मेघेत रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एका मेडिकलमध्ये शिरलो, तर काउंटरवर तीच. तिने मला ओळखलं. गोळ्या पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "काका, आमच्या नात्यातली एक पोरगी हाय तुमच्या केंद्रात. तिनं सांगितलं, तुम्ही माही गोष्ट सांगता म्हणून."

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"बाजार हाय तो काका. सगळ्यायलेच माहीत होतं."

"मग तुह्ये बाबा भांडले काऊन नाई?"

"दुसऱ्या दिवशीचा पालक कुठी नेला असता?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "ते राहू द्या. बाबायनंच मले म्हटलं, सोड म्हणून. मले ऐकावं लागलं. पण मी भित्री होती असं तिथं सांगू नका. ते तेवढं नीट करा." मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी बाजूला झालो.

जुन्या मॅडम आता निवृत्त झाल्या. नव्या सरांना मी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "काका, गोष्ट मस्त आहे, पोरांना आवडते. शेवट कशाला बदलता?"

मी शेवट नाही, सगळीच गोष्ट बदलली. नव्या मुलांपुढे उभा राहून, कोणाचा ढीग कसा ओलांडला ते सांगितलं. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागून एका मुलाने विचारलं, "मग सर, त्यायचं नुकसान भरून दिलं का तुम्ही?" मी नाही म्हणालो. तो खाली बसला.

नंतर मुलं गटागटाने आपापल्या कल्पनांवर बोलत बसली. सवयीने मी एका टेबलापाशी गेलो. तिथल्या मुलीने वर पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मी चपला घालून बाहेर पडलो.