पडद्यावरचे धुके

सोलल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा तो चर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या संध्याकाळी माझ्या मुलीने काम केलेली पहिली मालिका लागणार होती, जळगावातली आमची अख्खी गल्ली जमणार होती, आणि टीव्हीवर सारे चेहरे धुक्यात बुडालेले होते. मी इंटरनेटला दूषणे दिली, स्ट्रीमिंगचा डबाही नवा आणला.

शेवटी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. वैद्याने जीभ पाहावी तसा पडदा निरखून तो म्हणाला, “नेट चांगलं शे, अक्का. हाई प्लास्टिक कसाले ठेवं?”

“टीव्ही नवा राहावा म्हणून,” मी गांभीर्याने सांगितले.

तीन उन्हाळ्यांत दुधाळलेले ते आवरण त्याने नखाने उचकून सोलले. रंग लख्ख उजळले. मग त्या प्लास्टिकची सुबक घडी घालून, आहेर द्यावा तशी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरत तो म्हणाला, “जपा.”