उघाडीत अडकलेला रॉड

“मॅडम, उघाडीत ती लाल-पांढरी काठी कुनाची हाय?”

देवळाच्या मंडपात माझं लेक्चर ऐन रंगात आलं होतं. विषय: जमीन, समाज आणि पर्यावरण. समोर भूगोलाची एस.वाय.ची बावीस मुलं. दारात हिराबाय धापा टाकत उभ्या. सकाळी त्यांच्याच शेताच्या कडेने आम्ही बांधावर चढलो होतो. काठी कुणाची हे मला लगेच कळलं.

पेणच्या खाडीकाठची ही भातशेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मातीचा बांध खाडीला बाहेर थोपवून धरतो. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधातून मोरी असते, तिच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडी झडप. हीच उघाडी. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. भरती आली की खाडीच झडप दाबून बंद करते. माणसाने काही करायचं नसतं.

आम्ही केलं. झडप अर्धी उघडी दिसली म्हणून मी वर्गातल्या तन्वीला गाळाची खोली मोजायला सांगितलं. तन्वी रोह्याच्या आतल्या गावची. घरी भात आहे, पण खाडी नाही. तिने रेंजिंग रॉड, म्हणजे सर्व्हेची पट्ट्यापट्ट्यांची काठी, फटीत घातला आणि तो अडकला. “राहू दे, चहानंतर काढू,” मी म्हटलं. चहानंतर मी बोलत बसले. बोलायला मिळालं की मला वेळेचं भान राहत नाही, हे आमच्या घरीही सगळ्यांना ठाऊक आहे.

धावत बांधावर गेलो. भरती चढली होती. झडप रॉडवर आवळली होती आणि वीतभर फटीतून गढूळ खारं पाणी आत उसळत होतं. पंधरा पावलांवर हिराबायची कोवळी रोपं. खारं पाणी चढलं की हंगाम गेलाच, वर मीठ दोन-तीन वर्षं जमीन सोडत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

“कुनी घातली?” गणपतदादांनी विचारलं. बांधाची देखरेख गावाने त्यांच्याकडे दिलेली.

तन्वी पुढे सरकली. तिने तोंड उघडलं.

“मी,” मी आधीच म्हटलं. “माझ्या सांगण्यावरून झालं.”

दादांनी गावाकडे वळून हाळी दिली. इथला रिवाज असा, की बांधावरून आवाज आला की घरटी एक माणूस निघतो. कारण विचारत नाही. फावडी, घमेली, पेंढा घेऊन माणसं आली. एकाचा हात तर अजून खरकटा होता.

तोवर मी तीन मुलांना रॉड ओढायला लावलं होतं.

“हात लावू नका!” दादा ओरडले. “झडप बसली तर बोटं जातील.”

“मग पाणी थांबवायचं कसं?”

“थांबवायचं नाय. चढू द्यायचं.”

हा माणूस काय बोलतोय, तेच मला कळेना. पण माणसांनी मोरीच्या आतल्या तोंडाभोवती अर्धगोल बांध घालायला सुरुवात केलीही होती. चिखलाची ढेकळं हातोहात येऊ लागली. मुलं रांगेत शिरली.

“गो पोरी, छातीशी धर, तवा सुटत नाय,” हिराबाय तन्वीला म्हणाल्या.

चिखलाचा बांध कमरेएवढा आला आणि एका जागी फुटला. पाणी थेट रोपांकडे निघालं. हिराबाय त्या खिंडारात पाठ लावून बसल्या. “घाला माती!” त्यांच्या खांद्यांभोवती आम्ही पेंढा आणि चिखल कोंबत राहिलो. माझ्या हातांतून अर्धा चिखल खालीच पडत होता.

हळूहळू कोंडलेलं पाणी खाडीच्या पातळीला आलं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला आणि झडपेचा जोर गेला. दादांनी एका हाताने रॉड उपसला. झडप धप्पकन बसली. मागून भरती चढत राहिली, पण बाहेर.

मी बांधावर बसून मुलांदेखत रडले.

शेताचा एक कोपरा मात्र पिवळा पडला. आठवड्याने मी हिराबायकडे गेले. “मी आता काय करू?”

“माफी नको, बाय. मे महिन्यात आमी बांधाला माती घालतो. तवा या.”

मे महिन्यात गेले. कामाआधी दादा एकेक नाव पुकारत होते. शेवटी म्हणाले, “कॉलेजवाल्या बाय!”

इतकी वर्षं हजेरी घेतली, त्या दिवशी मी “हजर” म्हटलं. मग रांगेत उभी राहिले. उघाडीजवळचं काम मला दिलं नाही. अजूनही देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.