उठायच्या आधीची गोळी

आईची साखर उतरली हे ओळखायला मशीन लागत नाही. ती लोकांच्या चुका दुरुस्त करायचं थांबवते, की समजावं.

हा शोध माझा नव्हे. मी बेळगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे. साखर आणि थायरॉइडचे पेशंट हेच माझं रोजचं काम, पण ही खूण मला कुठल्या वर्गात कुणी शिकवली नव्हती. शोध लावला निपाणीत आईच्या शेजारी राहणाऱ्या आक्कांनी. आक्कांचं माहेर कन्नड, घरातलं बोलणं कन्नड, आणि मराठी बोलताना बाई-पुरुष हा भेद त्या फारसा मनावर घेत नाहीत. आई मराठीची निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून दोघींच्या गप्पा चालतात आणि आक्कांच्या प्रत्येक वाक्याला आईचं शेपूट असतं: "तो न्हवं, ती." आक्कांना त्याचं काही वाटत नाही. उलट एखाद्या दिवशी शेपूट आलं नाही तर त्यांना चुकल्यासारखं होतं.

एका सकाळी वॉर्डात असताना त्यांचा फोन आला.

"तुमचा आई काय बोलंनाच की. मी म्हटलं भाकरी जळाला, तरी गप. पोरगी शाळेला गेला म्हटलं, तरी गप. पायरीवर बसलाय बघा, घाम नुसता सुटलाय."

मी म्हटलं, आधी पाण्यात साखर घालून द्या, चांगली चार चमचे.

"दिलं की. अर्धा तांब्या पिला. मग माझ्याकडं बघितला आणि म्हणाला, 'जळाला न्हवं, जळाली.' तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला."

हे त्या महिन्यातलं तिसऱ्यांदा होतं, हेही मला आक्कांकडूनच कळलं. आईनं आधीच्या दोन वेळा माझ्यापासून दडवून ठेवल्या होत्या. मी रजा टाकली आणि निपाणीची बस धरली.

वाटेत माझं मन पक्कं होत गेलं. आता आईला एकटं ठेवायचं नाही, बेळगावला आपल्याकडे आणायचं. पायरीवर बसली म्हणून आक्कांना दिसली. न्हाणीघरात कडी लावून आत असती तर? साखर उतरलेली माणसं मी वॉर्डात रोज बघते. पुढचा विचार करायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

पण आईला त्या घरातून हलवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. तिची आई तंबाखूच्या वखारीत राबली आणि भाड्याच्या खोलीतच गेली. हे घर आईनं आपल्या पगारातून उभं केलेलं, आमच्या घराण्यातलं पहिलं स्वतःचं छप्पर. बाबा गेल्यावर सगळ्या नातेवाइकांनी समजावून पाहिलं, तरी ती तिथून हलली नाही. दाराची कडीसुद्धा दुसऱ्या कुणी लावलेली तिला चालत नाही, नीट बसली नाही म्हणून परत काढून लावते.

"न्हाय येणार," मी उंबऱ्यातून आत यायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.

"अजून मी विचारलंसुद्धा न्हाय."

"एवढी मोठी बॅग घेऊन आलीस. त्यात तुझं दोन जोड, आणि बाकी जागा कुणासाठी?"

बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरची चिंच जिला दिसायची, तिच्यापुढे रिकामी बॅग काय लपणार?

मग मी नर्स झाले. नव्या गोळ्या कधीपासून सुरू झाल्या? शेवटच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी जेवणानंतरच्या जुन्या गोळीच्या जोडीला एक नवी दिली होती, आणि त्याच वेळी थायरॉइडही निघाल्यामुळे त्याची एक. गोळ्या वेळेवर घेतेस का, असं विचारलं तर म्हणाली, "तुला घड्याळ कुणी शिकवलं?" जेवण वेळेवर असतं का, तर म्हणाली, "तुझ्यासारखं बिस्किटावर न्हाय राहत मी." वॉर्डात पेशंट असं बोलला तर मी दोन शब्द सुनावते. इथं नुसता पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी तिचं बोट टोचायला घेतलं. तिनं आधी कुठलं बोट ते विचारलं, का तेच ते विचारलं, बाजूला का टोचायचं आणि मधोमध का नाही तेही विचारलं. उत्तरं बरोबर आल्यावर बोट पुढे केलं. साखर अगदी व्यवस्थित. मग तळपाय बघायला लागले तेव्हा मात्र तिनं पाय पदराखाली ओढून घेतले. दिवसाला पन्नास पाय मी बघते, बोटांच्या बेचक्यात चीर आहे का, टाचेला बधिरपणा आहे का. पण लेकीनं आपले पाय धरायचे हे तिला सहन होईना. शेवटी म्हटलं, "समज, मी तुझी लेक न्हाय, सरकारी तपासणीला आलेली बाई हाय." तेव्हा कुठं एक पाय बाहेर आला. दुसऱ्याला आणखी थोडी समजूत घालावी लागली.

सगळं ठीक होतं. तरी साखर पडत होती, आणि तीही सकाळीच. काही केल्या मेळ बसेना. मी बॅगेत तिच्या साड्या भरायला घेतल्या. ती कॉटवर बसून बघत होती, पण घडी चुकली तरी काही बोलली नाही. मी घाबरून तिचं बोट परत टोचलं. साखर ठीक होती. बाई नुसती रुसली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली. मी खाली गादीवर होते, ती कॉटवर. बघते तर तिनं पांघरुणातून हात बाहेर काढला, उशाच्या स्टुलावरची गोळी घेतली, एका कोपरावर रेलून पाण्याबरोबर गिळली आणि परत सरळ झोपली.

"कसली गोळी गं ती?"

"शुगरची. नवी."

"आत्ता? अंथरुणात?"

"उठायच्या आधीची हाय ती," ती माझी कीव आल्यासारखं म्हणाली. "उठल्यावरची वेगळी." मग ती उठली, चूळ भरली, थायरॉइडची गोळी घेतली आणि म्हणाली, "आता तासभर तोंडात काय घालायचं न्हाय. नियम हाय."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं गोळ्या वाटतेय, जेवणाआधी ऐकलंय, जेवणानंतर ऐकलंय, झोपताना ऐकलंय, पण उठायच्या आधी हा प्रकार मला नवा होता. साखर खाली आणणारी गोळी हिनं उपाशीपोटी घ्यायची, मग थायरॉइडसाठी तासभर आणखी उपाशी राहायचं. तास झाला की अंघोळ, वंदना, झाडांना पाणी, मग पेपरातल्या चुकांखाली रेघा. नाष्ट्याला बसेपर्यंत साडेनऊ. साखर पडेल नाही तर काय होईल?

मी तिथल्या तिथं दूध गरम केलं आणि कालची भाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवली. "नियम मोडतीस," असं म्हणत म्हणत तिनं ती खाल्ली.

"उठायच्या आधी घे, असं तुला सांगितलं कुणी?"

"औषधाच्या दुकानात. डॉक्टर म्हणाले, दुकानात समजावून सांगतील."

दुकान उघडल्या उघडल्या आम्ही तिथं हजर. दुकानदार सदलग्याकडचे, पन्नाशीचे, सगळी शाळा कन्नडमधून झालेली. आईला बघितल्यावर ते गल्ल्यामागं सरळ उभे राहिले. आई त्यांची शिक्षिका कधीच नव्हती, पण ते उभे राहतात. तिच्यापुढे लोकांचं असंच होतं.

"आईला या गोळ्या कशा घ्यायला सांगितल्या होत्या तुम्ही?" मी विचारलं.

"बाईंनी शिकवल्या तशाच," ते म्हणाले आणि परीक्षेला बसल्यासारखे आईकडे बघत सावकाश म्हणाले, "ही उठल्यावर एक. ही उठायच्या आदी एक."

"आधी," आई म्हणाली.

"हौद्री बाई. आधी."

"पण उठायच्या आधी म्हणजे नक्की कधी?" मी विचारलं.

"म्हणजे ऊटाच्या आदी की. नाष्टा करायच्या टायमाला. ताट पुढ्यात आलं की."

मी वळून आईकडे बघितलं.

ऊटा म्हणजे कन्नडमध्ये जेवण. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. "ऊटा झालं का?" असं आम्ही रस्त्यात एकमेकांना विचारतो. वॉर्डात मी दिवसातून कितीदा तरी विचारते. आईलाही ते पुरतं माहीत. पण त्या दिवशी झालं असं की दुकानदारांनी आईचा मान राखायचा म्हणून मराठीत सांगायला घेतलं. आधी थायरॉइडची गोळी दाखवून म्हणाले, "उटल्यावर." आईनं लगेच धरलं, "ट न्हवं रं, ठ. उठल्यावर म्हण." त्यांनी म्हटलं. मग साखरेची गोळी दाखवून म्हणाले, "ही ऊटा आदी." आईचा ठ अजून तापलेलाच होता. "परत ट? उठायच्या आधी. म्हण." तेही त्यांनी म्हटलं. घोटवून घेतल्यावर पोरगं जसं पाढा म्हणतं तसं म्हटलं.

"अहो, पण तुम्हाला जेवण म्हणायचं होतं, मग उठायच्या कसं म्हटलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

ते बिचारे ओशाळले. "मला वाटलं, ऊटाला शुद्ध मराठीत तसंच म्हणत असतील. बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार."

मला हसू आवरेना. गल्ल्यावर डोकं टेकून मी हसले. पण आई हसली नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझंच बरोबर होतं," ती त्यांना म्हणाली. "चूक माझी."

"न्हाय न्हाय बाई, तसं काय न्हाय," म्हणत ते आणखीच ताठ उभे राहिले. आईच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि साक्षीला दुसरं कुणीच नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

मी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, तासाभरानं नाष्टा, आणि साखरेची नवी गोळी ताट समोर आल्यावरच. दुकानदारांचं ऊटा पहिल्यापासून बरोबर होतं. माझी रजा संपेपर्यंत मी रोज सकाळी तिचं बोट टोचलं. साखर एकदाही पडली नाही. आक्का भिंतीपलीकडून मुद्दाम "दूध उतू गेला" म्हणून बघायच्या आणि आई मुद्दाम दोनदा दुरुस्त करायची.

म्हणजे बेळगावला न्यायचं कारणच उरलं नाही. निघायच्या दिवशी मी बॅग उघडली आणि तिच्या साड्या एकेक करून कपाटात परत ठेवायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता. पण खरं सांगायचं तर मला ती माझ्याकडे हवी होती. दवाखान्यातून घरी गेल्यावर माझं मराठी दुरुस्त करायला मला कुणीतरी हवं होतं. साखर हे नुसतं निमित्त होतं, आणि ते निमित्त मीच माझ्या हातानं घालवलं. तिसऱ्या साडीला माझे डोळे भरून आले. मी कपाटात तोंड घालून उभी राहिले.

"आता काय झालं रडायला?" ती मागून म्हणाली.

"काय न्हाय. तू बरी झालीस म्हणून."

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसानं." तिनं माझ्या हातातली साडी काढून घेतली आणि परत बॅगेत ठेवली. मग आणखी दोन काढल्या. वर तिन्ही गोळ्यांची पाकिटं ठेवली.

"कुठं निघालीस?"

"तुझ्याकडं येतो." शाळेत आयुष्यभर पोरींना तिनं 'येते' म्हणायला शिकवलं, घरात मात्र आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखं 'येतो'च म्हणते. हे दुरुस्त करायची कुणाची छाती नाही.

"इतकं न्हाय न्हाय म्हणत होतीस की!"

"तू नर्स होऊन न्यायला आलीस, मग आईनं यायचं कसं?" तिनं बॅगेची चेन ओढली. "आता लेक रडतीया म्हणून येतो. उचल ती बॅग."