वजाचं चिन्ह

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती विचारते, रफीकभाई हल्ली येत का नाहीत? मी म्हणतो, सुरतेला असतो ना तो, सारखा कसा येणार? तेवढं खरं आहे. बाकीचं आज तुम्हाला सांगतो.

मी शहाद्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. वडील तापीकाठी केळी लावायचे. माझं काम नेमकं काय, हे घरात कधी कुणाला कळलं नाही. रफीकला कळायचं. तो आमच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. शहाद्याचाच, घरी पिढीजात शिवणकाम. दुपारचे तास संपले की आम्ही एका टेबलावर बसायचो आणि शिपाई दारं लावायला येईपर्यंत समीकरणांवर भांडायचो — अहिराणीतून! असा माणूस आयुष्यात कितीदा भेटतो?

आम्ही तापाच्या साथीचं मॉडेल करत होतो. प्रत्येक पाडा म्हणजे एक ठिपका, दोन पाड्यांमधली पायवाट म्हणजे रेघ. कोणत्या वाटेने किती माणसं ये-जा करतात, त्यावरून ताप पुढे कुठे पोहोचेल हे गणिताने सांगायचं. प्रोग्रॅम माझा. सातपुड्यात फिरून आजाऱ्यांची मोजणी रफीकची. म्हसावदपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी.

सगळे पाडे जुळले. एक जुळेना. नाल्यापलीकडचा, लहानसा. माझं मॉडेल म्हणत होतं, तिथे घरोघरी ताप असणार. रफीकची मोजणी म्हणत होती, जवळजवळ कुणीच आजारी नाही.

मी म्हणालो, तू सगळ्या घरांत गेलाच नसशील. तो म्हणाला, गेलो होतो. मी म्हणतच राहिलो. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "मन्हीच मोजणी चुकनी व्हई, भो. तुन्हं गणित बरोबर शे."

शोधनिबंधात मी तेच लिहिलं, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. परिसंवादात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी भरसभेत कौतुक केलं — हे मॉडेल माणसाची चूकसुद्धा पकडतं! टाळ्या पडल्या. रफीक मागच्या रांगेत होता. तोही टाळ्या वाजवत होता.

इथपर्यंत मी फक्त उद्धट होतो, असं म्हणता आलं असतं. पण पुढे —

दिवाळीच्या सुट्टीत, रिकाम्या कॉलेजात, मी नव्या कामासाठी तो प्रोग्रॅम उघडला. एका ओळीवर नजर अडली. नाल्याला पाणी वाढलं की माणसांची ये-जा कमी व्हायला हवी. तिथे वजा हवं होतं. मी अधिक घातलं होतं. म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये पूर जितका मोठा, तितकी जास्त माणसं नाला ओलांडत होती! मी चिन्ह बदललं. प्रोग्रॅम चालवला. त्या पाड्याचा आकडा थेट रफीकच्या मोजणीवर येऊन बसला.

मग मी काय केलं असेल?

मी अधिकचं चिन्ह परत घातलं. शांतपणे, स्वतःच्या हाताने. आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेलो. जेवलो.

रफीकने नंतर मोजणीला जाणं सोडलं. पीएचडी अर्धवट टाकली. वर्गाच्या निकालाची साधी सरासरी काढली तरी कागद घेऊन माझ्याकडे यायचा — "देखी ले ना भो, बरोबर शे का?" मी बघायचो. नेहमीच बरोबर असायची. मी नुसती मान हलवायचो. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची भीती वाटायची — की नव्हती वाटत? आता नक्की सांगता येत नाही.

मग तो मेहुण्याच्या कापडदुकानात काम करायला सुरतेला निघाला. मी स्टँडवर सोडायला गेलो. त्याला अडवलं नाही. खरं सांगू? गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

ते वाटणं फार टिकलं नाही. आता त्या टेबलावर मी एकटा असतो. मी फळ्यावर काहीही लिहिलं तरी मुलं उतरवून घेतात. कुणी भांडत नाही. घरी परतताना कधी मी स्वतःशीच अहिराणीत वाद घालतो, आणि समोरून कुणी आलं की गप्प होतो.

गेल्या ईदला त्याला फोन केला. खूश होता. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली म्हणाला. मग म्हणाला —

"तिले गणित लेनं शे. मी तिले 'नको' सांगी दिधं. आमना घरमा ते डोकंच नही, तुले तं माहीत शे."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, आर्ट्सही चांगलंच असतं.

तिने आर्ट्स घेतलं.