गोठ्याच्या दारावरचं ताट

वडील माझ्या सासरी पहिल्यांदा जेवायला येणार होते आणि त्यांना बसवायचं कुठं, यावर घरात खल चालला होता. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. तरुणपणी घोड्यावरून पडले, तेव्हापासून पाट सुटला. हिंगोलीच्या आमच्या घरी ते खुर्चीवर बसून पुढ्यातल्या मेजावर जेवत. आणि पहिल्यांदा म्हणजे लग्नानंतर अगदी पहिल्यांदाच. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तोवर वडील आले तेव्हा कोरड्या घशानंच परत गेले होते. आता माझा मुलगा पालथा पडू लागला होता आणि माझ्या हातचा घास बापाच्या तोंडात जायला कसलीच आडकाठी उरली नव्हती.

वसमतच्या बाजूला आडवाटेचं आमचं गाव. तिथं मेज कुणाकडे असणार? निजामाच्या अंमलात मेज पाहायचं तर तहसील कचेरीत जावं लागे आणि तिथं हौसेनं कुणी जात नसे. शेवटी माझ्या नवऱ्यानं गोठ्याचं निखळलेलं दार आणलं, राखेनं घासून विहिरीवर धुतलं आणि ओसरीत दोन घडवंच्यांवर आडवं टाकलं. बसायला धान्याची लाकडी पेटी, तिच्यावर चार घड्या घातलेली वाकळ.

"म्हशीनं शिंगं घासलेलं दार हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "इवायाला तेच घावलं का?"

"झाकते की, आत्याबाई," मी म्हणाले.

हिंगोलीत अंमलदाराच्या बंगल्यावर मी लहानपणी सजवलेलं मेज पाहिलं होतं आणि ते ज्ञान मला गप्प बसू देईना. विकत आणायचं काही नव्हतं, आणायला कुणी पैसेही दिले नसते. म्हणून घरातलंच शोधत फिरले. पितळी तांब्यात कापसाची उमललेली बोंडं आणि जवारीची दोन कणसं खोचली. परातीत पाणी घालून झेंडू सोडला. परसातल्या हळदीची रुंद पानं पुसून ताटाखाली मांडली. एवढं झालं तरी दाराच्या फळ्यांतल्या फटी दिसतच होत्या.

"थांब," अक्का म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्या कितीतरी आधी ती या घरात आली होती आणि तिला मूल नव्हतं. नवस झाले, उपास झाले, आता तिच्यासमोर तो विषयच कुणी काढत नसे. तिनं आपली पेटी उघडली आणि तिच्या लग्नातलं रुखवत बाहेर काढलं. लाल किनारीची विणलेली चादर, मण्यांचा मोर, मण्यांनी मढवलेला नारळ.

"अक्का, हे तुमचं कशाला?"

"पेटीत पडून राहिलंय. कसर लागून राहिली त्याला. घे."

मी घेतलं. खोटं कशाला सांगू, हावरटासारखं घेतलं. चादर दारावर बराबर बसली. अक्कानं तिच्या सुरकुत्या तळहातानं काढल्या, मोर मधोमध ठेवला, मागं सरून पाहिला आणि थोडा डावीकडे सरकवला. तिचा तो हात पाहिला आणि मग माझ्या ध्यानात आलं. माझ्या बापाच्या ताटासाठी ती आपलं रुखवत मांडत होती आणि तिचा बाप अजून या घरातलं पाणी प्यायला नव्हता. हे मला तिनं पेटी उघडली तेव्हाच सुचायला हवं होतं. आता आवरून ठेवते म्हणावं, तर तेही तिला लागलं असतं.

सासूबाईंना रांगोळीशिवाय ताट वाढवेना आणि मेजावर रांगोळी काढली तर ती ताटात उडेल. मग त्यांनी घडवंचीच्या पायांभोवती खाली जमिनीवर महिरप काढली. सासऱ्यांना वडिलांबरोबर मेजावर बसा म्हटलं, तर ते म्हणाले, "मी खालीच बरा, वरून पडलो तर?" आणि शेजारी पाटावर बसले. वडील वर आणि सासरे खाली. दोघांना एकमेकांचं तोंड नीट दिसेना, पण दोघंही खुशीत होते.

वडिलांनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तेवढ्यात अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

अक्काचे वडील होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. वसमतच्या बाजारात कापूस घालून परत जाताना ते नेहमी वाट वाकडी करून येत. बाहेर ओट्यावर बसत, लेकीला फुटाण्याची पुडी देत, गाडीला टांगलेल्या आपल्या कातडी छागलीतलं पाणी पीत आणि जात. त्या दिवशी सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून ओसरीत आणलं, दुसऱ्या व्याह्याची भेट घ्या म्हणून.

आबांनी मेज पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो मोर आमचाच की! हिच्या मायच्या हातचा हाय त्यो." मोराला बोट लावून ते म्हणाले, "बरं केलं, काढला ते."

वडिलांचा घास हातातच राहिला. आबा उपाशी उभे पाहून ते उठायला गेले, तर गुडघ्यामुळं चटकन उठताही येईना. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"धाकटे, लेकरू थोरलीच्या ओटीत घाल. घरातलं लेकरू दोघींचंच म्हनायचं. मंग इवायांनीबी बसावं."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रीतही पाळली जाईल आणि म्हातारा जेवेलही, अशी ती युक्ती होती. आबा काय करणार हे कुणालाच कळत नव्हतं, पण आधी माझं काम होतं. लेकरू माझ्या खांद्यावर झोपलेलं होतं. अक्का माझ्यापासून दोन हात अंतरावर उभी होती. आणि माझे हात सुटेनात. ओटीत घातलेलं परत कसं मागायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी त्याला उलट घट्ट धरलं. ते सगळ्यांनी पाहिलं. अक्कानंही पाहिलं.

"आबाला घाई हाय," ती लगेच म्हणाली. "बैलं उन्हात उभी हायत. जा आबा तुमी."

आबा हसले, सगळ्यांना रामराम केला आणि गेले.

वडिलांनी पुढं कसंबसं जेवण उरकलं. मला तिथं उभं राहवेना. दोन पोळ्या फडक्यात बांधल्या, लेकरू तसंच कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं निघाले. ओढ्याच्या उतारावर गाडी गाठली. मला धापा टाकताना पाहून आबांनी बैल थांबवले.

"आबा, चुकलं माझं. हे लेकरू घ्या मांडीवर. तुमचा नातूच समजा. आणि एवढं खा."

त्यांनी लेकराला घेतलं, मांडीवर बसवलं, त्याच्या जावळावरून हात फिरवला. मग परत माझ्याकडे दिलं. पोळ्यांना मात्र हात लावला नाही.

"तुझं काई चुकलं न्हाई, पोरी. तू दिलं असतं तरी म्या बसलो नसतो."

"काहून?"

"दुसरीच्या लेकरावर जेवलो तर माझ्या लेकीला काय वाटंल? बाबानं आपली आस सोडली म्हनंल. ती आस हाय तोवर म्या उपाशीच येनार."

सकाळपासून मी अक्काची कीव करत होते. तिच्या बापानं ती एकदाही केली नव्हती.

घरी आले तेव्हा वडील ओट्यावर आडवे झाले होते. ओसरीत अक्का एकटीच मेज आवरत होती. चादरीवर वरणाचा डाग पडला होता, तो ती ओल्या बोटानं चोळत होती.

"आबाकडं गेलती का?"

"व्हय."

"खाल्लं का त्यांनी?"

"न्हाई."

"पानी?"

"तेबी न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. मग तिनं ओला हात पदराला पुसला आणि माझ्यापुढं केला. "आन इकडं त्याला. तू जेवली न्हाईस अजून."

मी लेकरू तिच्याकडे दिलं. आता बघायला कुणी नव्हतं, तर माझे हात सहज सुटले.